शिखर आणि सोबती

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

या वार्षिकात मी याआधी दोनदा लिहिलं आहे, एकदा गिरनारच्या वारीबद्दल आणि एकदा वाडीच्या दक्षिणद्वार सोहळ्याबद्दल. दोन्ही वेळा लोकांनी फोन करून ‘छान अनुभव’ असं कळवलं. या वेळी संपादकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘हिमालयातील दत्तजयंती’ असं सांगितलं आणि त्यांनी आनंदाने चार पानं राखून ठेवली. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की जे सांगायचं आहे ते ‘अनुभव’ या सदरात बसत नाही. तो एक प्रश्न आहे आणि मला तो सुटलेला नाही. तरी लिहितो.

मी बी.कॉम. झालो, एका सरकारी बँकेत कारकून म्हणून लागलो आणि कारकून म्हणूनच निवृत्त झालो. प्रमोशन दोनदा आलं, बदली नको म्हणून दोनदा नाकारलं. त्याच शाखेत माझ्याबरोबर एकोणीस वर्षं काढलेला माझा एक मित्र आहे. त्याचं नाव इथे घालत नाही. बँकेत सगळे त्याला ‘कॅशियर’च म्हणायचे, इथेही तेच म्हणतो. तो देवबिव मानत नाही. पण आमच्या घरच्या दत्तजयंतीला गेली तीस वर्षं न चुकता येतो, पाळण्याची दोरी ओढतो आणि सुंठवडा दोनदा मागून घेतो.

निवृत्तीनंतर मी रोज पहाटे अजिंक्यतारा चढू लागलो. तिथे येणाऱ्या मंडळींपैकी एकाने केदारकंठाचे फोटो दाखवले आणि माझ्या डोक्यात ते शिखर बसलं. उत्तराखंडात, उत्तरकाशी जिल्ह्यात, उंची सुमारे १२,५०० फूट. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. त्याच्या दुपटीहून जास्त. भर हिवाळ्यात, बर्फातून चढता येतील अशा शिखरांमध्ये हे त्यातल्या त्यात सोपं समजतात, म्हणून डिसेंबरात तिथे तरुण मुलामुलींची जत्राच असते. माथ्यावर महादेवाचं छोटंसं ठाणं आहे, त्रिशूळ रोवलेला आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेची सकाळ त्या माथ्यावर घालवायची, गाणगापूरच्या भस्माची पुडी तिथे ठेवायची आणि नामस्मरण करायचं, असा मी महाराजांपुढे नारळ ठेवून संकल्प सोडला. वय तेव्हा चौसष्ट. कॅशियर माझ्याहून आठ महिन्यांनी मोठा. त्याला सांगितलं तर म्हणाला, “एकटा जाऊन मरशील लेका. मी येतो.”

त्याला तिथे जायचं नव्हतं. तो माझ्यासाठी आला होता, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. मी विसरलो होतो.

प्रवासाचं फार सांगत नाही. डेहराडूनहून सांकरी गाव दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण घाटरस्ता असल्यामुळे पूर्ण दिवस जातो. मसुरी, पुरोला, मोरी, मग टोन्स नदीच्या काठाकाठाने. दुसऱ्या दिवशी देवदार-पाइनच्या जंगलातून जुडा का तालाब, तो गोठायला लागला होता. तिसऱ्या दिवशी शिखराखालचा तळ. आमच्या गटात चौदा जण होते, आम्ही दोघे सोडले तर सगळे तिशीच्या आतले. आम्हाला ‘अंकल’ म्हणायचे. गाइड त्याच भागातला तेवीस वर्षांचा पोरगा, आणि त्याच्या हाताखाली आणखी एक, तो तर अठराचाही असेल की नाही कोण जाणे.

बर्फाबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण ते आपल्याकडे कुणाला ठाऊक नसतं. मलाही वाटायचं बर्फ म्हणजे कापसासारखं काहीतरी. ताजं पडलेलं तसंच असतं, पाय आत रुततो, दम लागतो, पण भीती नसते. भीती जुन्या बर्फाची. दिवसा उन्हाने ते थोडं वितळतं, शेकडो बूट त्यावरून जातात, रात्री पुन्हा गोठतं, आणि चार-सहा दिवसांत त्या वाटेची काच होते. अंधारात तिच्यावर बॅटरी मारली की काळी चमकते. म्हणून बुटांवर रबराच्या पट्ट्यांनी लोखंडी दातांची साखळी चढवतात. सगळे तिला क्रॅम्पॉन म्हणतात, खरं नाव मायक्रोस्पाइक आहे म्हणे. ती असली की प्रत्येक पावलाला ‘कर्र’ असा आवाज येतो आणि पाय धरतो. तो आवाज थांबला की समजावं, पाय घसरला. चढाई पहाटे अडीच-तीनला सुरू करतात, कारण तेव्हा बर्फ घट्ट असतं आणि ऊन वर यायच्या आत उतरायला लागावं लागतं. पाण्याची बाटली उलटी धरायची, कारण पाणी वरून गोठतं; सुलटी धरली तर तोंडाशीच खडा बसतो. अंगात सुती कपडा नको, घाम धरून ठेवतो. हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने दोन-तृतीयांशाच्या आसपास. दहा पावलं चालायची आणि काठीवर वाकून उभं राहायचं.

आणि आणखी एक गोष्ट, जी गाइडने आदल्या रात्री शेकोटीपाशी तीनतीनदा सांगितली होती. चालणारा माणूस गरम राहतो. थंडी खाते ती बसलेल्याला. “बैठना मत, चाचाजी,” तो म्हणाला होता. “जो बैठ गया, वो गया.”

शुद्ध चतुर्दशीची ती रात्र. चंद्र एवढा लख्ख होता की बॅटरीची गरज नव्हती. तळावर एक काळा पहाडी कुत्रा होता, मोठा केसाळ, गळ्यात दोरी नाही. तिकडचे कुत्रे असे कुणाही गटाबरोबर शिखरापर्यंत जातात. मी संध्याकाळी त्याला पाहून हात जोडले होते, “दत्ताचा श्वान आला बघ” असं म्हणून फोटोही काढला होता. कॅशियरने त्याला आपल्या ताटातली दीड चपाती घातली. दत्तमहाराजांच्या पायाशी चार श्वान असतात, ते चार वेद, हे मी त्याला समजावून सांगत होतो आणि तो चपाती मोडत होता.

पहाटे साडेपाचच्या सुमारास, शेवटच्या मोठ्या उताराच्या अलीकडे एक चहाची टपरी लागते. फळ्या आणि ताडपत्री, अजून उघडली नव्हती. तिथे कॅशियर बसला. त्याच्या एका बुटाच्या साखळीची पट्टी तुटली होती. खाली कधी तुटली कळलंच नव्हतं, आणि तासभर तो एका पायाने धरत आणि दुसऱ्याने घसरत आला होता. पायाची बोटं लागत नाहीत म्हणाला. धाप लागलेली. गाइडने त्याचे डोळे पाहिले, बोलायला लावलं, नाडी पाहिली. म्हणाला, “आप यहीं रुकिए. छोटा आपके साथ रुकेगा.” छोटा म्हणजे तो अठराचा पोरगा.

मी कॅशियरजवळ गेलो, वाकलो आणि विचारलं, “मी जाऊ का?”

तो म्हणाला, “जा की. एवढा संकल्प सोडलायस. जा.”

मी गेलो.

झालं एवढंच. नियमाने काहीही चुकलं नाही. गाइडची परवानगी होती, त्याच्याजवळ माणूस ठेवलेला होता, त्याने स्वतः जा म्हटलं होतं. ऑडिटरने ही फाइल पाहिली असती तर एकही शेरा मारला नसता. पण बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट कळते. गिऱ्हाईकाला काय विचारलं यावर ते काय उत्तर देणार हे ठरतं. “आपण खाली उतरूया का?” असंही मी विचारू शकलो असतो. “मी थांबू का?” असंही. मी विचारलं, “जाऊ का?” याला तीस वर्षांचा मित्र दुसरं काय उत्तर देईल? व्हाउचर मी भरून आणलं होतं, त्याची फक्त सही घेतली.

वर चढताना मागे पाहिलं. कुत्रा आमच्याबरोबर वीसेक पावलं आला, थांबला, आणि वळून टपरीकडे गेला. ते पाहून मी मनात काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, महाराजांनी त्याला सोबत पाठवली. आणि पाय हलका झाला.

पुढच्या तासभरात माझ्या डोक्यात जो हिशेब चालला होता तो जवळजवळ शब्दशः आठवतो. कॅशियरने तयारी केली नाही. मी तीन महिने पाठीवर आठ किलो वजन घेऊन किल्ला चढत होतो, तो घरात बसून टीव्ही बघत होता. बूट स्वस्तातले घेतले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत सिगारेट ओढायचा. काल रात्री, हलकं खा म्हणून सांगितलेलं असताना भाताचं दुसरं ताट घेतलं. दर दहा पावलांना मी थांबायचो आणि त्याच्या नावे एक नोंद टाकायचो, नावेच, जमेला काही नाही. नोंद टाकली की पुढची दहा पावलं सोपी जायची. काठीपेक्षा त्या नोंदींचाच आधार जास्त होता, असं आता वाटतं.

सात वाजून गेल्यावर सूर्य वर आला आणि आम्ही माथ्यावर होतो. दृश्याचं वर्णन करत नाही. मला ते येत नाही, आणि खरं सांगायचं तर मी ते धड पाहिलंही नाही. भस्माची पुडी ठेवली, डोळे मिटून नाम घेतलं. पोरं फोटो काढत होती. गाइडने हाताने एकेक शिखर दाखवायला सुरुवात केली. ते बंदरपूँछ. ते काळानाग. आणि ती, चाचाजी, स्वर्गारोहिणी. पांडव तिथूनच स्वर्गात गेले, असं तिकडचे लोक सांगतात.

वाचकहो, महाभारतातलं महाप्रस्थानिक पर्व मी लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकलं. पाच पांडव, द्रौपदी आणि मागून येणारा एक कुत्रा असे हिमालयातून चालले आहेत. आधी द्रौपदी पडते. भीम विचारतो, हिने कधी अधर्म केला नाही, मग ही का पडली? युधिष्ठिर सांगतो, हिचा अर्जुनावर अधिक जीव होता. आणि मागे न बघता पुढे जातो. मग सहदेव पडतो, त्याला शहाणपणाचा गर्व. मग नकुल, त्याला रूपाचा. मग अर्जुन, त्याने एका दिवसात शत्रू जाळीन अशी बढाई मारली. मग भीम स्वतः पडतो आणि विचारतो, मी का? युधिष्ठिर म्हणतो, तू फार खायचास.

मला लहानपणीच हे खटकायचं. आजोबांना विचारलं की बायको पडली तर धर्मराज थांबला कसा नाही, तर ते म्हणायचे, तो मोहापलीकडे गेला होता. मी ऐकून घ्यायचो. त्या सकाळी स्वर्गारोहिणीकडे बघताना माझ्या पोटात एकदम कालवलं, कारण भाताचं दुसरं ताट आठवलं. ‘तू फार खायचास.’ मी तासभर जे करत होतो ते हेच होतं. पडलेल्याचा दोष सापडला की थांबावं लागत नाही.

मला वाटतं, युधिष्ठिराने दिलेली कारणं खोटी नव्हती. कॅशियरबद्दलच्या माझ्या नोंदीही खोट्या नव्हत्या. त्याने तयारी केली नव्हती हे खरंच आहे. पण खरी नोंद चुकीच्या खात्याला टाकली तर तीही चूकच ठरते, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. माणूस का पडला हा एक प्रश्न, आणि आता मी काय करायचं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देऊन आपण दुसरा सुटला असं समजतो.

आणि पुढे बघा. इंद्र रथ घेऊन येतो, ये म्हणतो. तेव्हा युधिष्ठिर अडतो कुणासाठी, तर कुत्र्यासाठी. हा मला धरून आहे, याला टाकून मी येणार नाही. मी पुष्कळ प्रवचनांत याचा अर्थ ऐकला आहे, तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म वगैरे. ते आहेच. पण मला आता वाटतं, कुत्र्यापाशी तो थांबला कारण कुत्र्याच्या नावे टाकायला त्याच्याकडे एकही नोंद नव्हती. त्याला ना गर्व, ना बढाई. त्याला टाकण्यासाठी कारणच सापडत नव्हतं. हा माझा अर्थ आहे, शास्त्री लोकांनी रागावू नये.

आम्ही आठच्या आत टपरीवर परत आलो. छोटा आमच्याबरोबरच खाली आला. कारण वर बर्फात आमच्या गटातली एक मुलगी घसरून घाबरली होती, हातपाय गळाले होते, आणि गाइडने शिट्टी मारून छोट्याला वर बोलावून घेतलं होतं. हे मला वर असतानाच कळलं होतं. छोटा माझ्या डोळ्यांसमोर होता! मी त्याला बघितलं, आणि तो इथे आहे म्हणजे तिथे नाही, हे गणित माझ्या डोक्यात आलंच नाही. की आलं आणि मी ते बाजूला ठेवलं? यावर मी फार विचार केला आहे. खात्रीने सांगता येत नाही.

म्हणजे दीडएक तास कॅशियर त्या बंद टपरीच्या आडोशाला एकटा बसला होता. काळा कुत्रा त्याच्या पायांवर आडवा पसरला होता आणि त्याने हातमोजे काढून दोन्ही हात त्या केसांत खुपसले होते. मला बघून हसला, ओठ नीट हलत नव्हते. म्हणाला, “झालं का दर्शन?”

गाइडने त्याचे बूट काढले. दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. ती चोळायची नसतात, कातडी फाटते. त्या पोराने आपलं जाकीट उघडलं आणि त्या वयस्कर माणसाचे पाय स्वतःच्या उघड्या पोटाला लावून वीस मिनिटं बसून राहिला. मी शेजारी उभा होतो. कपाळाला भस्म होतं.

फार काही झालं नाही. बोटांना तीन आठवडे मुंग्या येत राहिल्या, एक नख गेलं, ते परत आलं.

घरी आल्यावर मी एव्हरेस्टबद्दल बरंच वाचून काढलं, कदाचित माझ्यापेक्षा मोठा अपराधी शोधत असेन. सापडले, पण समाधान झालं नाही. २००६ सालच्या मे महिन्यात डेव्हिड शार्प नावाचा इंग्रज गिर्यारोहक उत्तरेकडच्या वाटेवर एका कपारीत बसलेला होता, मरणाच्या दारात. त्याच्याजवळून त्या दिवशी चाळीसच्या आसपास माणसं गेली असं नंतर बाहेर आलं. काहींनी थांबून थोडा प्रयत्नही केला, पण तो गेला. सर एडमंड हिलरी तेव्हा हयात होते, त्यांनी याबद्दल जाहीरपणे फार कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. तिथली बाजूही आहे. तेवढ्या उंचीवर स्वतःचा जीव सांभाळणं मुश्कील, दुसऱ्याला उचलून आणणं जवळजवळ अशक्य. खालच्या माणसाने गादीवर बसून न्याय देऊ नये, हे मला मान्य आहे. पण त्याच महिन्यात, अकराच दिवसांनी, त्याच बाजूला लिंकन हॉल नावाचा ऑस्ट्रेलियन गिर्यारोहक सापडला. आदल्या दिवशी त्याला मृत समजून सोडून दिलेलं होतं. डॅन मॅझर आणि त्याचे तीन सोबती शिखराच्या वाटेवर होते, हवा चांगली होती. ते थांबले, त्याला पाणी, प्राणवायू दिला, मदत येईपर्यंत बसून राहिले आणि शिखर सोडून दिलं. हॉल वाचला. मला त्या चौघांचा मोठेपणा सांगायचा नाही. मला प्रश्न पडतो तो असा, की चालताना त्यांच्या डोक्यात काय चाललं असेल? थकवा तोच, थंडी तीच, खर्च केलेले पैसे तेवढेच. त्या अनोळखी माणसाच्या नावे नोंदी टाकायला त्यांनाही वाव होता. टाकल्या नाहीत, की टाकायच्या आत थांबले?

आमच्या पारायण मंडळात मी हे एकदा बोलून दाखवलं. तिथले एक ज्येष्ठ म्हणाले, “अहो, अवधूतांचे चोवीस गुरू आठवा. कपोताचं काय झालं? बायकोपोरं जाळ्यात सापडली म्हणून कबुतराने स्वतः जाळ्यात उडी घेतली आणि मेलं. मोहाचं फळ. तुम्ही संकल्प पुरा केलात, निःसंग राहिलात, यात वाईट काय?”

त्यांच्याबद्दल मला आदर आहे, वयाने आणि अभ्यासाने ते मोठे आहेत. पण घरी येऊन मी एकादश स्कंध, नाथमहाराजांच्या टीकेसकट, पुन्हा काढला. कपोत आहे, खरं आहे. पण त्याच यादीत कुरर पक्षीही आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता तोपर्यंत बाकीचे पक्षी त्याला टोचत राहिले. तुकडा टाकला आणि तो सुटला. आता माझ्या चोचीत त्या पहाटे काय होतं? कॅशियर नव्हता. त्याला तर मी सहज सोडला. चोचीत होतं ते शिखर, ती पुडी, आणि इथे येऊन लिहायचा हा लेख. होय, हा लेखसुद्धा. त्याचा मथळा मी टपरीच्या आधीच ठरवला होता. जे आधीच नकोसं झालेलं असतं ते सोडणं म्हणजे निःसंगता असेल, तर आपण सगळेच अवधूत म्हणायचे. शिवाय त्याच स्कंधात पृथ्वीगुरूच्या ओघात पर्वताचंही नाव येतं. पर्वतापासून काय शिकायचं, तर आपलं सगळं दुसऱ्यासाठी असतं हे. ज्याच्या डोक्यावर मी उभा होतो त्याच्याकडूनच.

पण मग दुसरी बाजूही मनात येतेच. मी थांबलो असतो तर काय झालं असतं? आयुष्यभर मनात म्हणत राहिलो असतो, याच्यामुळे माझी दत्तजयंती हुकली. तोंडाने नाही, पण त्याला ते जाणवलं असतं. मनाविरुद्ध थांबलेला सोबती आणि मनापासून पुढे गेलेला, यात बरा कोण? गिरनारला मी एकदा एका परक्या आजींबरोबर अंबामातेच्या वर तासभर बसलो होतो, त्यांच्या पायात गोळे आले होते. येणारेजाणारे ‘जय गिरनारी’ म्हणत होते, कुणी लिंबू देत होतं. ते काहीच जड गेलं नव्हतं. पण गिरनारला पुढच्या महिन्यात पुन्हा जाता येतं. जिथे परत येणं नाही तिथेच खरं कळतं, आणि तिथे मी गेलो तो वर गेलो.

युधिष्ठिराचं एक बरं होतं. पुढच्या पर्वात, स्वर्गारोहणात, त्याला नरकातून भावांचे आणि द्रौपदीचे आवाज ऐकू येतात आणि तो देवदूताला सांगतो, तू जा, मी इथेच थांबतो. पर्वतावर जे केलं नाही ते तिथे केलं. त्याला दुसरी संधी मिळाली.

एक जुनी गोष्ट सांगून थांबतो. संगणक यायच्या आधीची, मार्चअखेर. माझ्या लेजरमध्ये नव्वद पैशांचा फरक येत होता. शाखा बंद झाली, मॅनेजर केबिनमध्ये पेंगत होते. कॅशियरची कॅश पाचलाच जुळली होती, तिजोरी बंद, किल्ल्या दिलेल्या. त्याचा धाकटा मुलगा तेव्हा तापाने आजारी होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तो माझ्या टेबलाच्या पलीकडे खुर्ची ओढून बसला आणि रात्री सव्वाअकरापर्यंत मला आकडे वाचून दाखवत राहिला. फरक सापडला. ‘मी जाऊ का?’ असं त्याने विचारलं नव्हतं.

आता तो आमच्याकडे आला की ही शिखराची गोष्ट तोच रंगवून सांगतो. “मीच पाठवला याला, नाहीतर हा कुठला जातोय!” माणसं हसतात. मी चहा आणायला आत जातो. मी त्याच्याशी याबद्दल कधीच बोललो नाही. ही रक्कम मी सस्पेन्स खात्यात टाकून ठेवली आहे. फरक सापडेपर्यंत टाकायची ती जागा. पण आमचे जुने हेडक्लार्क म्हणायचे, सस्पेन्समध्ये पडून राहिलेली एंट्री कुजते.

म्हणून हा लेख संपादकांकडे पाठवण्याआधी परवा त्याला वाचायला दिला. त्याने चष्मा लावून, नोटांची गड्डी मोजतात तसा एकेक कागद उलटत, सगळा वाचला. कागद एकसारखे करून माझ्या हातात दिले.

“दोन चुका आहेत,” म्हणाला. “कुत्रा काळा नव्हता, तपकिरी होता. आणि दीड तास नाही. दोन तास दहा मिनिटं.”